गिरणी चालू ठेवून वारीला जायचं कसं?



"एकदा तरी पायी वारी करायची आहे," असं म्हणणाऱ्या ताई मला जवळजवळ प्रत्येक गटात भेटतात. त्यांच्यातल्या ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "पण मग इथलं कोण बघणार?" शेतात मजुरीला जाणारी ताई मजुरी बुडवून का होईना, जाते. अंगणवाडीतली ताई रजेचा अर्ज देते. गिरणीवाली, शिलाईवाली, डबेवाली मात्र अडकते. कारण रजा मागणारीही तीच आणि देणारीही तीच, आणि ही मालकीण फार कडक असते.

आपल्या उद्योग पाठात आतापर्यंत हिशेबाची वही, भाव ठरवणं, उधारी हे विषय झाले. या वेळी विषय आहे मालकिणीने धंद्यातून पूर्ण बाहेर पडून वीस दिवस जाण्याचा. पूर्ण म्हणजे फोनवरूनसुद्धा धंदा न चालवता. वारीचं उदाहरण घेतलं, कारण बहुतेकींना तिथेच जायचं असतं. तुमच्या मनात चारधाम असेल, वैष्णोदेवी असेल किंवा लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर जायचं असेल, तरी तयारी हीच.

आषाढी अजून लांब आहे, मग आत्ताच का? कारण या तयारीला सहा-आठ महिने लागतात. पिशवी भरायला एक दिवस पुरतो, पण धंदा दुसऱ्याच्या हातात द्यायला पुरत नाही.

आपल्या महासंघातल्या एका गिरणीवाल्या ताईंनी हे करून दाखवलं. त्यांच्या परवानगीने सांगते. नाव छापू नका म्हणाल्या. पिठाची गिरणी, शेजारी मिरची कांडप, बारा वर्षांचा धंदा. बारा वर्षांत गिरणी बंद राहिली ती फक्त लाईट गेल्यावर आणि सासरे गेले तेव्हा.

कधी जायचं

तुकोबारायांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि माउलींची आळंदीहून अष्टमीला. दोन्ही दशमीला पंढरपुरात पोचतात. २०२५ साली ही प्रस्थानं १८ आणि १९ जूनला झाली आणि एकादशी ६ जुलैला आली. म्हणजे चालणं अठरा दिवसांचं. घरून आळंदीला जाणं आणि पंढरपूरहून परतणं धरून वीस-एकवीस दिवस मोजा. माउलींच्या वाटेने सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर, वाखरी असं साधारण अडीचशे किलोमीटर चालायचं असतं.

आता आपापला धंदा या तारखांवर ठेवून बघा. मिरची कांडपाचा हंगाम फाल्गुन ते वैशाख. पाऊस लागला की कांडप थंडावतं. म्हणून त्या ताईंना ज्येष्ठ-आषाढ सोयीचा पडला. शिलाईवाल्या ताईंचं उलट आहे. जूनमध्ये शाळा उघडते, गणवेशाची घाई असते, त्या वेळी मशीन सोडणं म्हणजे वर्षाची कमाई सोडणं. पण २०२६ ला अधिक ज्येष्ठ आला आहे, त्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि पालख्यांचं प्रस्थानही जुलैत आहे. तोपर्यंत गणवेश उरकलेले असतील. ज्या वर्षी तारीख लवकर येते, त्या वर्षी शिलाईवालीने कार्तिकीचा विचार करावा. दिवाळीचे ब्लाउज देऊन झालेले असतात. पंचांग आणि ऑर्डरची वही शेजारी-शेजारी ठेवून बसलं की हे दिसतं.

ज्यांना वीस दिवस जमतच नाहीत, त्या फलटणला किंवा वेळापूरला जाऊन दिंडीत सामील होतात. सहा दिवसांची वारी कमी प्रतीची असं कुणी म्हणत नाही.

डोक्यातलं वहीत

हा या पाठाचा गाभा आहे.

त्या ताईंना मी विचारलं होतं, "तुम्ही नसल्यावर काय अडेल?" त्या म्हणाल्या, "काही नाही, बटण दाबायचं आणि दळायचं." मग आम्ही एक तालीम ठरवली. बदलीवर बसणाऱ्या ताईंना गिरणीत बसवायचं आणि मालकिणीने एक दिवस माहेरी जायचं, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गर्दी असते तेव्हा. फोन उचलायचा, पण प्रत्येक फोन कशासाठी आला ते कागदावर लिहायचं.

दिवसभरात अकरा फोन आले.

त्यातले काही सांगते. "निळ्या झाकणाचा डबा कुणाचा, नावच नाही." "पाटलांच्या आजींना भाकरीचं पीठ किती बारीक लागतं?" "बाजरी झाल्यावर लगेच गहू टाकला, पीठ काळपट आलं, बाई भांडायला लागली." "सुटे पैसे कुठे ठेवता?" "पट्टा घसरतोय." "हे म्हणतात आमचं महिन्याचं खातं आहे, खरं का?" "शाळेतल्या मॅडमना डबा घरपोच द्यायचा असतो म्हणे, कोण नेतं?"

एकही फोन बटण दाबण्याबद्दल नव्हता. बारा वर्षांत ताईंच्या डोक्यात जे साठलं होतं आणि जे त्यांना काम वाटतच नव्हतं, त्याबद्दल सगळे फोन होते. आजींचं पीठ बारीक लागतं, कारण दात नाहीत. एका घरी लाडूला रवाळ लागतं. आधी गहू, मग ज्वारी, बाजरी शेवटी. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण याला अंगवळणी पडलेलं म्हणतो. गिऱ्हाईक आपल्याकडे येतं ते बहुतेक वेळा यासाठीच, गिरणी तर दुसऱ्याकडेही असते.

तेव्हा आम्ही एक नियम केला. आलेला प्रत्येक फोन म्हणजे वहीत राहून गेलेली एक ओळ. रात्री परत आल्यावर ताईंनी अकरा ओळी लिहिल्या. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून त्या बोलल्या आणि नववीतल्या मुलीने लिहिलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांची यादी झाली, प्रत्येकापुढे बारीक, मध्यम, रवाळ अशी खूण. डब्यांना खडूऐवजी पट्टी चिकटवून नाव. वायरमनचा नंबर, पट्टा मिळतो त्या दुकानाचा नंबर. दगडांना टाकी लावणारा माणूस कधी येतो आणि किती घेतो.

दुसरी तालीम दोन दिवसांची, चार फोन. तिसरी चैत्रात, तीन दिवसांची. एकच फोन आला, तोही "जेवलात का" म्हणून.

दोन गोष्टी मात्र तालमीत कळल्या नसत्या, त्या विचार करून लिहाव्या लागल्या. पहिली, उपवासाचं दळण. आषाढी एकादशीच्या आधी दोन-तीन दिवस गावात भगर, राजगिरा, साबुदाणा दळायला रांग लागते. त्याच वेळी मालकीण वाखरीच्या आसपास चालत असणार. उपवासाचं दळण धान्याच्या पिठात मिसळून चालत नाही. म्हणून ठरवलं की नवमीला दुपारी बारानंतर साधं दळण बंद, गिरणी झाडून-पुसून घ्यायची, उपवासाच्या दळणाची पहिली दोन मुठी बाजूला काढायची आणि मग रांग सुरू. आठ दिवस आधी पाटीवर लिहायचं.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. कृपा करून हा भाग गटात मोठ्याने वाचा. गिरणीच्या पट्ट्यात पदर, ओढणी किंवा वेणी अडकून बायकांचे जीव गेले आहेत. मालकिणीला सवयीने कळतं किती लांब उभं राहायचं, नवीन बाईला कळत नाही. पट्ट्याला जाळी बसवल्याशिवाय बदलीची ताई बसवूच नका. पदर खोचलेला, केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली. धान्य अडकलं तर आधी मेन स्विच बंद, पट्टा पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मगच काडीने सारायचं, हाताने नाही. लहान मुलं आत नाहीत. ही वहीतली पहिली ओळ असायला हवी आणि भिंतीवरही.

कोणाच्या हाती, किती पैशात

आपल्याकडे बदली म्हटलं की जाऊ, नणंद नाहीतर सून. आणि पैसे? "घरच्यांना कसले पैसे!" मला हे पटत नाही. फुकट बसलेली बाई तीन दिवसांनी कंटाळते आणि तिला चुकलं म्हणून बोलताही येत नाही. त्या ताईंनी आपल्याच गटातल्या एका ताईंना घेतलं आणि मजुरी ठरवून घेतली. घरचीच बाई बसणार असेल, तरी मजुरी ठरवा.

साधा हिशेब करून बघू. समजा गिरणीचा रोजचा गल्ला ८०० रुपये. विजेचे आणि किरकोळ २०० गेले, राहिले ६००. बदलीच्या ताईंना रोज ३५० दिले, तर मालकिणीला २५० उरले. वीस दिवसांचे ५,००० रुपये. गिरणीला कुलूप लावलं असतं तर हे पाच हजार नाहीत, विजेच्या बिलातला स्थिर आकार भरायचाच, आणि वीस दिवस दुसऱ्या गिरणीची सवय लागलेली गिऱ्हाइकं परत आणायची ती वेगळी.

आता तुमचे आकडे टाका. बदलीची मजुरी देऊन काहीच उरत नाही असं दिसलं, तर समजा की तुमच्या धंद्यात आज नफा नाहीच. जो नफा वाटतो ती तुमची स्वतःची मजुरी आहे, जी तुम्ही खर्चात कधी धरलीच नव्हती. वारीला जा अगर जाऊ नका, हे कळलं ते बरं झालं. भाव वाढवायचा की खर्च कमी करायचा ते मागच्या पाठावरून बघा.

काही धंद्यांना कुलूपच बरं. डबे देणाऱ्या ताईंच्या हाताची चव दुसरीला येत नाही. त्यांनी महिनाभर आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी सांगावं, पाटीवर परत सुरू होण्याची तारीख लिहावी आणि दरम्यानच्या दिवसांसाठी दुसऱ्या डबेवालीचा नंबर द्यावा. गिऱ्हाईक तिच्याकडे टिकेल अशी भीती असते. पण सांगून गेलेल्या बाईकडे लोक परत येतात, न सांगता बंद ठेवणाऱ्या बाईकडे येत नाहीत. दुधाचा धंदा मात्र बंद ठेवताच येत नाही; म्हशीला रजा कळत नाही. तिथे धार काढणारा माणूस दोन महिने आधीपासून म्हशीच्या ओळखीचा करावा लागतो, नाहीतर ती पान्हा चोरते.

पैसा, उधारी आणि पिन

बदलीच्या ताईंसाठी उधारीचा एकच नियम ठेवा. यादीत नाव असेल त्यालाच, ठरलेल्या रकमेपर्यंतच. नवीन उधारी मालकीण आल्यावर. यामुळे बदलीच्या ताईंना कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, यादी दाखवली की झालं.

रोज संध्याकाळी गल्ला मोजून वहीत लिहायचा आणि खाली दोन सह्या, एक बदलीच्या ताईंची आणि एक गटाच्या सचिव ताईंची. यात अविश्वास नाही. उलट पुढे कमी-जास्त झालं तर बदलीच्या ताईंवर आळ येत नाही. आठवड्यातून एकदा पैसे खात्यात भरायचे. किरकोळ दुरुस्तीसाठी काही रक्कम वेगळ्या डब्यात ठेवायची, कोऱ्या चेकवर सही करून ठेवायची नाही.

क्यूआर कोड लावलेला असेल, तर आवाज देणारा छोटा स्पीकर घ्या. पैसे आले की तो रक्कम बोलतो, मालकिणीचा मोबाईल बघावा लागत नाही. यूपीआयचा पिन कुणालाही सांगू नका, नवऱ्यालाही आणि बदलीलाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे घ्यायला पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो पैसे काढून घेणारा आहे, हे बदलीच्या ताईंना तीनदा सांगा.

गटाची बचत आणि कर्जाचा हप्ता जाण्याआधी भरा, पासबुकावर नोंद बघूनच निघा. आपण बैठकीला नसणार हे आधीच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि वारीसाठी गटातून कर्ज काढू नका असं माझं मत आहे. दिंडीची भिशी, बसभाडं, औषधं मिळून किती लागतात ते दिंडीत आधी जाऊन आलेल्या बाईला विचारा. आत्तापासून महिन्याला ६०० रुपये बाजूला टाकले तर आठ महिन्यांत ४,८०० होतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पंढरपूरहून परतीचा खर्च फार नाही.

फोनचं काय करायचं

फोन घेऊन गेलेल्या मालकिणीही मी बघितल्या आहेत. दिवे घाट चढताना एका कानावर हात, दुसऱ्या कानाला फोन आणि इकडे टाळ-मृदंग. त्या पंढरपूरला जाऊन येतात, पण त्यांना विचारलं काय बघितलं, तर सांगता येत नाही. आणि मागे राहिलेल्या बाईचंही नुकसान होतं. फोन लागतो म्हटल्यावर ती काहीच ठरवत नाही, डब्याच्या झाकणापासून सगळं विचारते. फोन लागत नाही म्हटल्यावर ती वही उघडते.

पण इतक्या गर्दीत बाईमाणसाने फोनशिवाय जावं असंही मी म्हणणार नाही. त्या ताईंनी केलेली सोय चांगली वाटली. गिऱ्हाइकांसाठी दोन महिने आधी वेगळा नंबर घेतला, पाटीवर रंगवला, तो फोन गिरणीतच राहिला. बँकेला जोडलेलं सिम काढून कपाटात कुलपात ठेवलं. ओटीपी त्यावरच येतो, म्हणून ते दुसऱ्याच्या हातात नको. स्वतःबरोबर साधा बटणांचा फोन नेला, नवीन सिम घालून. तो नंबर घरात फक्त मुलीकडे आणि गटाच्या सचिव ताईंकडे होता. रोज मुक्कामाला पोचल्यावर घरी एक फोन, त्यात गिरणीचा विषय काढायचा नाही असं ठरलेलं. सचिव ताईंनी त्या नंबरवर फोन करायचा तो तीनच गोष्टींसाठी: कुणाला दुखापत, आग, किंवा घरात कुणी गंभीर आजारी. मोटर जळाली तर? "मोटर जळली तर मी वाल्ह्यात बसून काय करणार? वायरमनचा नंबर वहीत आहे," असं त्या म्हणाल्या.

घरच्या कामाबद्दलही एक सांगते. वीस दिवसांचं पीठ, चटणी, लोणचं करून डबे भरून ठेवायच्या नादी लागू नका. जेवायचं काय ते घरातल्या मोठ्या माणसांनी ठरवावं. पेरणी झाली की घरचा गडी वारीला निघतो, तेव्हा तो कुठे लोणचं घालून ठेवतो?

या सगळ्यात खरी अडचण वहीची नसते हे मला नंतर कळलं. तिसऱ्या तालमीत एकच फोन आला, त्या रात्री ताई खूश व्हायला हव्या होत्या, पण गप्प होत्या. म्हणाल्या, "माझ्यावाचून चालतंय की." बारा वर्षं जिला सगळे विचारून करतात, तिला हे जड जाणारच. पण आजारपण आपली तालीम घेऊन येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या उशाशी येऊन "बाजरी आधी का गहू" विचारतात, ते मी बघितलं आहे. त्यापेक्षा धडधाकट असताना, स्वतःच्या मर्जीने, टाळ हातात घेऊन गिरणीबाहेर पडलेलं बरं.

आल्यावर काय दिसलं

सगळं गोड झालं नाही. दोन घरं पलीकडच्या गिरणीत गेली, त्यातलं एक परत आलं. वहीत एका दिवसाचा गल्ला ४० रुपयांनी जुळला नाही. एकदा लाईट गेल्यामुळे उपवासाची रांग रात्री दहापर्यंत चालली. आणि बदलीच्या ताईंनी एक बदल स्वतःहून केला होता. सकाळी सातऐवजी सहाला गिरणी उघडली, कारण मजुरीला जाणाऱ्या बायका जाता जाता डबा ठेवू शकतात. मालकीण ताई आधी चिडल्या, "मला न विचारता?" मग वही बघितली. सहा ते सात या वेळात रोज सात-आठ डबे आले होते. गिरणी आता सहालाच उघडते आणि तो पहिला तास बदलीच्या ताईच सांभाळतात, मजुरीवर.

पुढच्या बैठकीसाठी

ज्यांचा धंदा आहे त्यांनी येत्या महिन्यात एक दिवसाची तालीम घ्या. माहेरी जा, तालुक्याला जा, नाहीतर गटातल्या मैत्रिणीच्या घरी बसून राहा. आलेले फोन लिहून आणा, शिक्षणाची अट नाही, रेघा मारून आणल्या तरी चालतील. बैठकीत सगळ्यांनी मिळून बघू: कोणत्या फोनचं उत्तर वहीत बसतं, कोणत्या फोनला बदलीच्या बाईला अधिकार द्यावा लागतो, आणि गटात कोण कोणाच्या धंद्यावर बसू शकते. ज्यांचा धंदा नाही त्यांनीही यावं, बदलीवर बसायची तयारी असेल तर सचिव ताईंकडे नाव द्यावं. मजुरी किती घ्यायची ते त्याच बैठकीत ठरवू.